बॅटरी बदलण्याआधी तीन आकडे: पिकअपचा सेल्फ का उचलत नाही?

(ऑडिओ भागाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय, फक्त दोनदा आलेलं कापलंय.)

गाडी चालवता चालवता ऐकत असाल तर हेडफोन काढा आणि फोन स्पीकरवर टाका. मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू आला पाहिजे.

आजचा विषय तुमच्याच एका मेसेजमधून आलाय. नारायणगावच्या बाजूचा एक मित्र आहे. डिझेल पिकअप चालवतो, हंगामात टोमॅटोचे क्रेट भरून रात्री वाशी मार्केटला जातो. त्याचा व्हॉइस मेसेज असा: "दादा, अकरा महिन्यांत ही दुसरी बॅटरी आहे. आता परत सेल्फ नुसता गुरगुरतो. दुकानदार म्हणतो ही पण गेली, तिसरी टाका. गाडीचा हप्ता भरू का बॅटरी घेऊ?"

थांब मित्रा, घेऊ नकोस. निदान तीन आकडे हातात येईपर्यंत तरी नाही.

बाकीच्यांना सांगतो हा प्रश्न छोटा का नाही ते. भरलेली गाडी रात्री अकरा वाजता सुरूच झाली नाही तर माल उशिरा पोचतो, आणि उशिरा पोचलेल्या मालाला कोण किती भाव देतं ते तुम्हाला मी सांगायला नको. आळेफाट्याहून माळशेज उतरताना मध्येच गाडी बंद पडली तर त्याहून वाईट. आणि बॅटरी काही शे-दोनशे रुपयांची वस्तू नाही.

आता आपल्या शेतातलंच उदाहरण घ्या. विहीर, मोटार, पाइप आणि टाकी. सकाळी टाकी रिकामी दिसली तर तुम्ही नवीन टाकी आणता का? आधी बघता मोटार चालली होती का, पाइप कुठे तुंबलाय का, रात्री कुणी नळ उघडा ठेवला का. पिकअपमध्ये बॅटरी म्हणजे टाकी, अल्टरनेटर म्हणजे मोटार, ज्याला गॅरेजात अजून डायनॅमोच म्हणतात. केबल आणि अर्थिंग म्हणजे पाइप. आणि टाकी रिकामी दिसली की आपल्याकडे सरळ टाकी बदलतात, कारण ते सगळ्यात सोपं असतं. दुकानदाराला विकायला सोपं, ड्रायव्हरला समजायला सोपं.

हे शोधायला लागतं काय? तीन-चारशे रुपयांत मिळणारा मल्टीमीटर. नॉब डीसी व्होल्टच्या २० वर ठेवायचा, लाल वायर प्लसला, काळी मायनसला. झालं. टोकं धरताना एक लक्षात ठेवा, आधी बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यावरच टेकवा, वरच्या क्लॅम्पवर नको. क्लॅम्प आणि खुंटा यांच्या मधेच खराबी असू शकते.

पहिला आकडा, गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतरचा. सकाळी किल्ली लावायच्या आधी. १२.६ च्या आसपास आला तर टाकी भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. हा दशांशाचा फरक बारीक वाटतो, पण बॅटरीच्या भाषेत तो खूप मोठा असतो. नुकतीच चालवून आणलेली गाडी मोजू नका, कारण चार्जिंगचा वरवरचा फुगा तेव्हा उतरलेला नसतो. पाच-सहा तास जाऊ द्या.

आणि १०.५ च्या आसपास आकडा आला तर? बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येक साधारण २.१ व्होल्टचा. १२.६ मधून एक सेल वजा केला की १०.५. म्हणजे बहुतेक एक सेल मेलाय. चार्ज करूनही तिथेच राहिली तर ती बॅटरी खरंच गेली, तिला निरोप द्या.

पण १२ दाखवणारी बॅटरी मेलेली असेलच असं नाही, ती उपाशी असू शकते. बाहेरच्या चार्जरवर हळूहळू पूर्ण भरा, एक रात्र ठेवा, मग परत मोजा. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटर लावा. भरलेल्या बॅटरीत १.२५० किंवा वर दाखवेल. एका सेलचा आकडा बाकीच्यांपेक्षा ०.०५० नं किंवा जास्त खाली असेल तर तो सेल संशयित. पाणी कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर. आरओचं नको, बोरिंगचं तर नकोच. आणि ॲसिड टाकून बॅटरी "जिवंत" करून देणारे भेटले तर लांबून नमस्कार करा. पाणी उडतं, ॲसिड आतच राहतं, म्हणून भरायचं ते पाणीच.

दुसरा आकडा सेल्फ मारतानाचा. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, एक जण किल्लीवर, एक जण मीटरवर. डिझेल इंजिन हवा दाबून दाबून इतकी तापवतं की डिझेल आपोआप पेटतं. त्या दाबाविरुद्ध इंजिन फिरवायचं म्हणजे सेल्फला शेकडो अँपिअर लागतात, पेट्रोलच्या छोट्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त. म्हणून एवढ्या ओझ्याखाली आकडा कोसळणारच. प्रश्न इतकाच की कुठपर्यंत. ९.६ च्या वर टिकला तर बॅटरी काम करतेय. १२.६ वरून धाडकन ७ वर आला तर बॅटरीत दम नाही, मग ती आरामात कितीही छान दिसू दे.

आता गंमत ऐका. आकडा ११ च्या आसपास टिकलाय आणि तरी सेल्फ रडतोय. याचा अर्थ काय? बॅटरी द्यायला तयार आहे, पण माल सेल्फपर्यंत पोचत नाहीये. नवीन बॅटरी आणून काय होणार? हा मुद्दा धरून ठेवा, मी परत येतो.

मीटर नसेल तर हेडलाइट लावून सेल्फ मारा. दिवे पार विझले तर बॅटरी कमजोर किंवा तिच्या टर्मिनललाच ढिलाई. दिवे लख्ख राहिले आणि खालून नुसतं "टक" आलं तर सेल्फ, त्याचा सोलेनॉइड नाहीतर तिकडची वायर बघा. अंदाजाला बरं आहे, मीटरची सर नाही.

तिसरा आकडा गाडी चालू असताना. रेस थोडी वाढवा, १,५०० च्या आसपास. बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ दिसलं पाहिजे. मग हेडलाइट लावा, ब्लोअर लावा, परत बघा. १३.५ च्या खाली घसरत असेल तर चार्जिंग पुरत नाहीये. १५ च्या वर जात असेल तर कटआउट, म्हणजे रेग्युलेटर, गेलाय. अशी बॅटरी तापते, पाणी पिते, सडक्या अंड्यासारखा वास मारते. वास आला तर गाडी बंद करा, बोनेट उघडं ठेवा आणि जवळ काडी ओढू नका. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन स्फोटक असतो.

एक अपवाद सांगून ठेवतो. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सहा गाड्यांपैकी काहींत अल्टरनेटर किती व्होल्ट देईल हे ईसीयू ठरवतो. तिथे आकडा थोडा वेळ खाली दिसला म्हणून लगेच डायनॅमो काढायला सांगू नका. सगळे दिवे लावून, दहा मिनिटं चालवून मग ठरवा.

आता मघाचा मुद्दा. आपल्या नारायणगावच्या मित्राला मी हे तीन आकडे मागितले. त्यानं पाठवले: सकाळी १२.४, सेल्फ मारताना १०.८, गाडी चालू आणि लाइट लावलेले असताना १३.८. म्हणजे बघा, बॅटरी थोडी भुकेली आहे पण मेलेली अजिबात नाही. आणि तरी सेल्फ गुरगुरतोय.

मग त्याला चौथी गोष्ट करायला लावली, आणि माझ्या मते आजच्या भागातली हीच सगळ्यात कामाची. मीटरची काळी वायर बॅटरीच्या मायनस खुंट्यावर, लाल वायर इंजिनच्या उघड्या लोखंडावर. सेल्फ मार. इथे आकडा ०.२, फार तर ०.३ आला पाहिजे, कारण दोन्ही टोकं एकाच अर्थिंगची आहेत. त्याच्याकडे आला १.८.

मंडळी, हे १.८ व्होल्ट रस्त्यातच खर्च होत होते. हिशेब साधा आहे. गंजलेल्या जोडात समजा एक शतांश ओहमचा अडथळा आहे. साध्या मीटरला तो ओहमवर मोजताही येत नाही. पण त्यातून २०० अँपिअर धावले की २ व्होल्ट तिथेच खलास. दोनशे गुणिले दोन, चारशे वॅटची उष्णता त्या एका नटाखाली. म्हणून सेल्फ मारल्यावर लग हाताला गरम लागतो. ही पण एक तपासणीच आहे, फक्त हात जपून लावा.

आणि तोच गंज दुसरीकडूनही खातो. डायनॅमो इंजिनवर बसलेला असतो, त्याचा मायनस त्याच अर्थिंगमधून बॅटरीला येतो. रात्री लाइट, ब्लोअर, म्युझिक, बॅटरीचं भरणं मिळून ४० अँपिअर धरले तर चार दशांश व्होल्ट तिथे गळतात. डायनॅमोवर १४.२, बॅटरीवर १३.८. एका दिवसात काही बिघडत नाही. पण रोज रात्री थोडी कमी भरलेली बॅटरी तशीच राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसत जातो आणि टाकीच लहान होते.

त्याच्या गाडीत इंजिनपासून चासीपर्यंत येणारी तांब्याची विणलेली पट्टी होती. चासीकडचा बोल्ट गंजलेला, पट्टीच्या अर्ध्या तारा तुटलेल्या. बोल्ट काढला, खालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरनं घासून चकचकीत केला, पट्टी नवीन टाकली. नंतर परत मोजलं तर ०.१५. बॅटरी एकदा बाहेर पूर्ण चार्ज करून घेतली. सेल्फ पहिल्यासारखा फिरतोय.

तुम्ही विचाराल, मग आधी नवीन बॅटरी टाकल्यावर गाडी बरी कशी चालली? कारण बॅटरी बदलताना मेस्त्री क्लॅम्प घासतो, घट्ट आवळतो, आणि पूर्ण भरलेली ताजी बॅटरी काही दिवस अडथळ्यातूनही रेटून नेते. सगळ्यांना वाटतं बॅटरीचाच दोष होता. त्याची पहिली बॅटरी खरंच गेली होती का, ते आता कळणार नाही. ती एक्स्चेंजमध्ये गेली.

प्लसच्या बाजूनंही हेच करा. लाल वायर बॅटरीच्या प्लसवर, काळी सेल्फच्या जाड बोल्टवर, सेल्फ मारा, ०.५ च्या आत आलं पाहिजे. काळी वायर तिथे इंजिनच्या लोखंडाला टेकू देऊ नका आणि बेल्टपासून वायर लांब ठेवा. कोकणात मासळी वाहणाऱ्यांनी तर हे दर पावसाळ्याआधी बघा, बर्फाचं खारं पाणी चासीवर ठिबकत असतं. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर जमली असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा टाकून धुवा. पाणी झाकणातून आत जाऊ देऊ नका. काढताना आधी मायनस काढा, बसवताना मायनस शेवटी. हातातलं कडं, अंगठी बाजूला ठेवा. पेट्रोलियम जेली लावायची ती आवळून झाल्यावर, वरून.

डायनॅमोकडे वळू. चार्जिंग कमी आहे आणि अर्थिंग ठीक आहे, तर पहिल्यांदा बेल्ट बघा. ढिला असेल तर लाइट लावल्यावर किंवा सकाळी ओल्यात चीं चीं करतो. मग बघा किल्ली ऑन केल्यावर मीटरमधला लाल बॅटरीचा दिवा लागतो का. बरेच जण म्हणतात "दिवा लागत नाही, म्हणजे सगळं ओके". उलट आहे! इंजिन बंद आणि किल्ली ऑन असताना तो लागलाच पाहिजे. बऱ्याच गाड्यांत डायनॅमोला जागं करणारा पहिला करंट त्या दिव्यातूनच जातो. दिवा उडाला किंवा वायर तुटली तर डायनॅमो झोपूनच राहतो, किंवा एकदा जोरात रेस केल्यावरच उठतो. दहा-वीस रुपयांच्या बल्बपायी डायनॅमो उघडायची पाळी येते.

आता जरा गंभीर गोष्ट. डिझेल इंजिनात ब्रेकच्या बूस्टरला लागणारा व्हॅक्युम वेगळ्या पंपातून येतो. आपल्याकडच्या बऱ्याच डिझेल गाड्यांत, खास करून जुन्या पिकअप आणि जीपमध्ये, तो पंप डायनॅमोच्या शेपटीला बसवलेला असतो आणि त्याला इंजिनचं ऑइल जातं. यातून दोन गोष्टी निघतात. एक, त्याचं सील गेलं की ऑइल डायनॅमोत शिरतं, कार्बन चिकट होतात आणि चार्जिंग बंद पडतं. डायनॅमो तेलकट दिसत असेल तर नुसते कार्बन बदलून महिनाभरात परत यावं लागेल, आधी गळती थांबवा. दुसरी, बेल्ट तुटला तर चार्जिंगसोबत व्हॅक्युमही जातो. एक-दोनदा ब्रेक नीट लागतो, मग पेडल दगडासारखं होतं. म्हणून घाटात बॅटरीचा लाल दिवा अचानक लागला तर "मुक्कामी पोचल्यावर बघू" म्हणू नका. खालच्या गिअरमध्ये गाडी बाजूला घ्या आणि बेल्ट बघा. कितीतरी गाड्यांत तोच बेल्ट पाण्याचा पंपही फिरवतो.

राहिला रात्री उघडा राहिलेला नळ. तिन्ही आकडे चांगले, पण दोन दिवस गाडी उभी राहिली की सेल्फ मरतो. किल्ली बंद, दारं बंद. मल्टीमीटर १० अँपिअरवर, लाल वायर १० अँपिअरच्या भोकात. बॅटरीची मायनस केबल काढायची, आणि केबल व खुंटा यांच्या मध्ये मीटर जोडायचा. अर्धा तास थांबा, कारण ईसीयू वगैरे झोपायला वेळ घेतात. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ अजिबात मारू नका, मीटरचा फ्यूज तरी उडेल नाहीतर मीटर.

समजा ५०० मिलिअँपिअर आले. म्हणजे दिवसाला १२ अँपिअर-तास. ७५ ची बॅटरी तीन दिवसांत अर्धी. आता एकेक फ्यूज काढत जा, ज्यानं आकडा पडेल ती ती लाइन. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत बहुतेक वेळा काय निघतं सांगू? बाहेरून जोडलेलं काहीतरी. म्युझिकचा ॲम्प्लिफायर, जीपीएस ट्रॅकर, हौद्यावरची एलईडीची माळ, सरळ बॅटरीवरून घेतलेली, किल्लीच्या लाइनवरून नाही. आणि सगळे फ्यूज काढूनही आकडा पडत नसेल तर डायनॅमोचा डायोड लीक आहे का बघा. रात्रभर उभ्या गाडीचा डायनॅमो सकाळी हाताला कोमट लागला, तर संशय पक्का.

दोन-तीन गोष्टी मात्र करू नका, हात जोडून सांगतो. गाडी चालू ठेवून बॅटरीची केबल काढून "डायनॅमो चालतो का" बघणारे अजून आहेत. जुन्या गाडीत खपून गेलं असेल. त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि कॉमन रेल गाडीचा ईसीयू जाऊ शकतो. त्याच्या किमतीत चार-पाच बॅटऱ्या येतील.

हायवेवर मोठ्या ट्रकवाल्यानं मदत देऊ केली तर आधी विचारा, २४ व्होल्ट का? मोठे ट्रक बहुतेक २४ चेच असतात. ते पिकअपच्या १२ वर लावलं तर दिव्यांपासून ईसीयूपर्यंत काहीही जळेल. १२ ची दुसरी गाडी शोधा. लाल प्लस ते प्लस, काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि तिचं शेवटचं टोक आपल्या इंजिनच्या लोखंडावर, बॅटरीपासून लांब. शेवटची जोडणी करताना ठिणगी पडते, ती बॅटरीजवळ नको.

आणि भरलेली गाडी उतारावर धक्का स्टार्ट करू नका. इंजिन सुरू होईपर्यंत ब्रेकला व्हॅक्युम नाही, पॉवर स्टिअरिंगही नाही. शिवाय कॉमन रेलला इंजेक्टर उघडायला वीज लागते. बॅटरी पार बसली असेल तर कितीही ढकला, ती पेटणार नाही.

बॅटरीचा हौदा आणि तिची पकडपट्टी पण बघा. सैल बॅटरी खड्ड्यांत आदळून आतून तुटते, आणि वॉरंटीत ते कुणी ऐकून घेत नाही.

पुढच्या भागात हीटर प्लग घेऊ, त्यावर बरेच मेसेज पडलेत. बॅटरीबद्दल विचारायचं असेल तर व्हॉइस मेसेज पाठवा, पण सोबत आकडे सांगा: सकाळचा, सेल्फ मारतानाचा, लाइट लावून गाडी चालू असतानाचा, आणि जमलं तर इंजिन ते मायनस. गाडी कोणती, कोणत्या सालची, तेही. नुसतं "दादा, बॅटरी उतरते" एवढंच पाठवलंत तर मी परत हेच आकडे मागणार. चला, भेटू.